उत्प्रेरण

रासायनिक विक्रियेत भाग घेऊन शेवटी मूळ रूपात परत मिळणाऱ्या पदार्थामुळे विक्रियेचा वेग वाढणे, यास उत्प्रेरण व त्या पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. सजीवांतील उत्प्रेरकांना एंझाइमे म्हणतात; ती बहुतांशी प्रथिने असतात.

या कल्पनेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एलिझाबेथ फुलहेम यांनी १७९४ मध्ये ज्वलनावरील ग्रंथात असे मांडले की, अनेक ऑक्सिडीभवनांना (ऑक्सिजनशी संयोगाच्या विक्रियांना) पाणी लागते व ते शेवटी पुन्हा तयार होते. काही अभ्यासक येथूनच उत्प्रेरणाचा इतिहास सुरू करतात. सौम्य अम्लासह उकळलेल्या स्टार्चपासून साखर बनते व अम्ल खर्ची पडत नाही, हे किरखोफ यांना १८११-१२ च्या सुमारास आढळले. मात्र अशी विखुरलेली निरीक्षणे एकत्र आणून त्यांना नाव दिले ते बर्झीलियस यांनी, १८३५-३६ च्या सुमारास. त्यामुळे संकल्पनेचे श्रेय त्यांना देणे अधिक योग्य वाटते. तथापि त्यांची ‘उत्प्रेरक शक्ती’ गूढच राहिली. उत्प्रेरणाचा संबंध स्पष्टपणे वेगाशी जोडला तो ओस्टव्हाल्ट यांनी (नोबेल पारितोषिक, १९०९).

उत्प्रेरकामुळे विक्रियेला कमी सक्रियण ऊर्जेचा (विक्रिया घडण्यासाठी लागणाऱ्या किमान ऊर्जेचा) निराळा मार्ग मिळतो. हायड्रोजन पेरॉक्साइडाच्या विघटनास एरवी प्रतिमोल सुमारे ७५ किलोज्यूल सक्रियण ऊर्जा लागते. आयोडाइड आयनांमुळे ती सुमारे ५६ वर येते, तर कॅटॅलेज या एंझाइमामुळे त्याहून पुष्कळ खाली जाते. पुढची व उलट विक्रिया सारख्याच पटीने जलद होत असल्याने समतोल, म्हणजे दोन्ही विक्रियांचे वेग सारखे होऊन पदार्थांचे प्रमाण स्थिर राहण्याची स्थिती, मात्र ढळत नाही. अमोनियाच्या हाबर पद्धतीत लोह समतोल लवकर गाठून देते. समतोलातील अमोनियाचे प्रमाण वाढवायचे तर दाब वाढवावा किंवा तापमान कमी करावे लागते.

पायें व पेर्सो यांनी १८३३ मध्ये मोड आलेल्या बार्लीपासून डायास्टेज हे स्टार्चपासून साखर बनवणारे एंझाइम वेगळे केले. नाचणीला मोड आणून सत्त्व करताना स्टार्चवर अशीच एंझाइमे काम करतात. पेशीरहित यीस्ट-रसानेही किण्वन (साखर आंबण्याची क्रिया) होते, हे बुखनर यांनी १८९७ मध्ये दाखवले. त्यामुळे किण्वनास जिवंत पेशीच हवी, हा समज मागे पडला. विक्रियाकारकाचे प्रमाण वाढवत नेले की सारी एंझाइमे गुंततात आणि वेग एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. हे मांडणारे समीकरण मिकाएलिस व मेंटेन (१९१३) यांच्या नावाने ओळखले जाते, पण त्याचे मूळ व्हिक्टर आंरी यांच्या १९०३ च्या कामात आहे व तसा उल्लेख व्हायला हवा. तापमान वाढवल्यास एंझाइमांचा वेग आधी वाढतो, नंतर प्रथिनाची रचना बिघडून घसरतो.