घोडा आधी की प्यादं आधी? ओपनिंगमधल्या मूव्ह ऑर्डरची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींच्या क्रमाची पार्श्वभूमी

२३ जुलै १९७२. रेकयाविकमध्ये बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव. बॉबी फिशर आणि बोरिस स्पास्की दोघांचेही गुण अडीच. जवळजवळ सगळी कारकीर्द राजापुढचं प्यादं ढकलून डाव सुरू करणाऱ्या फिशरने पहिलीच चाल सी४ केली, म्हणजे प्यादं सी स्तंभातल्या चौथ्या घरात नेलं. स्पास्कीने ई६ खेळल्यावर त्याने घोडा एफ३वर आणला आणि मगच डी४. चौथ्या चालीपर्यंत पट बघितला तर काय दिसतं? साधा, शंभर वेळा पाहिलेला क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड, म्हणजे पांढऱ्याने सी४वर देऊ केलेलं प्यादं काळा मारत नाही तो प्रकार. एवढं वळण घेऊन पोचायचं होतं ते इथेच, मग पहिल्या चालीला डी४ का नाही?

उत्तर आदल्या डावात आहे. पाचव्या डावात पांढरी मोहरी स्पास्कीकडे होती, त्याने सरळ डी४, सी४ आणि घोडा सी३ असा क्रम घेतला आणि फिशरने उंट बी४वर टाकून निम्झो-इंडियन बचाव केला. डाव सत्तावीस चालींत संपला, फिशर जिंकला. निम्झो-इंडियनला एक गोष्ट लागतेच, ती म्हणजे सी३वरचा घोडा, कारण काळ्याचा उंट त्यालाच बांधतो, म्हणजे तो हलला तर मागचा राजा उघडा पडतो. सहाव्या डावात तो घोडा सी३वर आला तेव्हा काळ्याचं प्यादं डी५वर जाऊन बसलं होतं आणि खऱ्या निम्झोची वेळ टळली होती. फिशरच्या मनात नेमकं काय होतं ते तोच जाणे, पण क्रमाचा परिणाम हा असा. हा डाव त्याने इतका सुंदर जिंकला की प्रेक्षकांबरोबर स्पास्कीनेही टाळ्या वाजवल्या.

अशी पळवाट शोधायची गरज फार जुनी नाही. १९२७ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत अलेखाइन आणि कापाब्लांका ३४ डाव खेळले, त्यांतले ३२ क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड. सगळे रस्ते एकाच चौकात येत असतील तर कुठल्या गल्लीतून निघालात याला फारसा अर्थ नसतो. पण तोवर हायपरमॉडर्न मंडळींनी, म्हणजे मधली घरं प्याद्यांनी व्यापण्याऐवजी लांबून मोहऱ्यांनी ताब्यात ठेवणाऱ्यांनी, चौकाचा नकाशाच बदलायला घेतला होता. निम्झोविचचा उंट बी४वर येऊ लागला होता आणि १९२२ मध्ये व्हिएन्नात ग्रुनफेल्डने आपल्या नव्या बचावाने खुद्द अलेखाइनला हरवलं होतं. काळ्याकडे पर्याय वाढले तसं पांढऱ्याला कोणती दारं बंद ठेवायची याचा विचार करणं भाग पडलं. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला रिचर्ड रेटीने घोडा एफ३ने सुरुवात करून आठ वर्षं न हरलेल्या कापाब्लांकाला हरवलं. हा घोडा मधल्या प्याद्यांबद्दल काहीच कबूल करत नाही आणि ई५वर नजर मात्र ठेवतो, त्यामुळे बुडापेस्ट गॅम्बिटसारखे, काळ्याने ई५वर प्यादं देऊ करायचे प्रकार जन्मालाच येत नाहीत.

फुकट मात्र काही मिळत नाही. सी४ने सुरुवात केली की काळा ई५ खेळून उलटा सिसिलियन (ई४ला काळ्याने सी५ने उत्तर द्यायचा बचाव, पण रंग बदलून) मागू शकतो. पेट्रोव्ह (पांढऱ्याचा घोडा एफ३वर आला की काळ्याने आपला एफ६वर आणायचा बचाव) नको म्हणून ई४, ई५नंतर घोड्याऐवजी उंट सी४वर काढला तर पेट्रोव्ह टळतो, पण ई५च्या प्याद्यावर दबाव न आल्यामुळे काळ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. डच बचाव खेळणाऱ्याला डी४ला थेट एफ५ केल्यावर स्टॉन्टन गॅम्बिट (पांढऱ्याने ई४वर प्यादं देऊन केलेला हल्ला) सोसावा लागतो, म्हणून तो आधी ई६ खेळतो. पण मग पांढऱ्याने ई४ केलं की समोर फ्रेंच बचाव उभा. जगज्जेत्या बॉटविनिकला हा क्रम परवडायचा, कारण दोन्ही बचाव त्याच्या हातचे होते. फ्रेंच येत नसेल त्याने या वाटेला जाऊ नये.

क्रमाचं सगळ्यात बारीक काम मला वाटतं क्वीन्स गॅम्बिटच्या एक्स्चेंजमध्ये, म्हणजे डी५वर प्याद्यांची मारामारी होते त्या प्रकारात दिसतं. डी४ डी५, सी४ ई६, घोडा सी३ आणि इथे काळ्याने घोडा एफ६वर काढला की पांढरा डी५वर मारामारी करून उंट जी५वर लावतो आणि राजाकडचा घोडा ई२वरून आणायची सोय राखतो. म्हणून काळ्याची त्याऐवजीची, अलातोर्त्सेवच्या नावाने ओळखली जाणारी चाल आहे उंट ई७. दिसायला आळशी, पण आता जी५वर उंट आणला तर तो सरळ मारला जातो. पांढऱ्याने त्यासाठी आधी घोडा एफ३वर नेला तर ई२चा बेत बारगळतो. १९६३ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत पेट्रोस्यानने हे शस्त्र बॉटविनिकविरुद्ध वापरलं. बॉटविनिकने एफ४वर उंट ठेवून पुढे सातव्या चालीला जी४ ढकललं. पळवाट बंद केली की समोरचा भिंतीला भोक पाडतो, ते असं.

सिसिलियनमध्येही जी४चंच प्रकरण आहे. श्केवेनिंगेन या त्याच्या एका प्रकारात काळा पाचव्या चालीला ई६ खेळतो आणि सी८वरच्या उंटाची जी४वरची नजर तुटते. मग त्या घरावर काळ्याचा फक्त घोडा उरतो, पांढऱ्याचा वजीर ते राखतो आणि पांढरा बिनधास्त जी४ करतो. हाच केरेस अटॅक, १९४३ मध्ये केरेसने बोगोल्युबोव्हविरुद्ध खेळलेला. १९८४ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत पहिल्याच डावात कारपोव्हने तो कास्पारोव्हवर आणला. डाव बरोबरीत सुटला, पण कास्पारोव्ह पुढे नायडॉर्फच्या क्रमाने येऊ लागला. आधी ए६, ई६ नंतर. उंटाची वाट उघडी असताना जी४ म्हणजे प्यादं दान करणं. या क्रमाची किंमत म्हणजे जी५वर येणारा पांढऱ्याचा उंट, आणि तो फार तिखट असतो. पण कारपोव्ह उंट ई२वर काढणारा माणूस होता.

९ नोव्हेंबर १९८५, मॉस्को, चोविसावा डाव. कास्पारोव्ह बारा, कारपोव्ह अकरा. किताब राखायला कारपोव्हला विजय हवाच होता. ए६ आलं, कारपोव्हचा उंट ई२वर गेला आणि मग कास्पारोव्हने ई६ खेळलं. श्केवेनिंगेन तेच, क्रम वेगळा. जी४ आलंच, पण पंधराव्या चालीला. तोवर काळ्याचा राजा किल्ल्यात गेला होता, एक हत्ती ई८वर आणि दुसरा बी८वर येऊन थांबला होता. पुढच्या चालीला प्यादं जी५वर घुसलं तेव्हा घोडा शांतपणे डी७वर मागे गेला. कास्पारोव्ह तो डाव जिंकला आणि बाविसाव्या वर्षी जगज्जेता झाला.