'ड्रायत्सेनलिंडेन'मागचे डॉक्टर

१८७८ साली जर्मनीतल्या पाडरबोर्न शहरात 'ड्रायत्सेनलिंडेन' नावाचं दीर्घकाव्य छापलं गेलं, तेव्हा त्याचे कवी ६४ वर्षांचे होते आणि निम्म्याहून जास्त आयुष्य रोग्यांची नाडी बघण्यात गेलं होतं. कॅथलिक घरांत आणि शाळांत पुढच्या दोन-तीन पिढ्या त्या ओळींवर वाढल्या. शंभराहून अधिक आवृत्त्या निघाल्या.

फ्रीडरिश विल्हेल्म वेबर यांचा जन्म २५ डिसेंबर १८१३चा, ऐन नाताळातला. गाव वेस्टफालियातलं आल्हाउझेन, वडील वनाधिकारी. ग्राइफ्सवाल्ड आणि ब्रेस्लाउ इथे वैद्यक शिकून ते शेजारच्या ड्रिबुर्गला डॉक्टर झाले. पुढे लिप्सप्रिंगेला, जिथे लोक औषधी झऱ्यांच्या पाण्यासाठी येत. शिवाय १८६१ पासून तीस वर्षांहून अधिक काळ ते प्रशियाच्या (जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्याच्या) विधिमंडळात होते. कॅथलिकांचा झेंट्रुम पक्ष निघाल्यावर त्या पक्षाकडून. टेनिसनच्या आणि स्वीडिश कवितांची भाषांतरंही चालूच होती.

काव्याचं खरं मूळ मात्र १८७०च्या दशकात आहे. १८७१ नंतर जर्मन चान्सलर बिस्मार्कचं सरकार आणि कॅथलिक चर्च यांच्यात जुंपली. इतिहासात हाच 'कुल्टुरकाम्फ'. १८७२ मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघावर बंदी आली. १८७३च्या कायद्यांनी धर्मगुरूंचं शिक्षण आणि नेमणुका सरकारी नजरेखाली आणल्या. वेबर यांच्याच पाडरबोर्नचे बिशप कोनराड मार्टिन १८७४ मध्ये तुरुंगात गेले आणि पुढल्या वर्षी त्यांचं पदही काढून घेतलं गेलं. १८७५ मध्ये प्रशियातले मठ बंद करण्याचा कायदा झाला. त्यातून सुटले फक्त रुग्णसेवा करणारे संघ.

ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवून काव्य वाचावं, असं मला मनापासून वाटतं. कथा नवव्या शतकातली. फ्रँक राजा शार्लमेनने सॅक्सन लोकांना तलवारीच्या जोरावर बाप्तिस्मा घ्यायला लावला, त्याला फार दिवस झालेले नाहीत. एल्मार हा तरुण सॅक्सन सरदार अजून जुन्या देवांना धरून आहे आणि त्याचं मन जडलंय फ्रँक घराण्यातल्या हिल्डेगुंडेवर. खोटा आळ येऊन तो हद्दपार होतो, विषारी बाणाने घायाळ होतो आणि मठाच्या दारी पोचतो. मठाचं नाव ड्रायत्सेनलिंडेन, म्हणजे 'तेरा लिंडेन वृक्ष'. त्यामागे वेझर नदीकाठच्या, ८२२ साली वसलेल्या कोर्वाय मठाची आठवण आहे. भिक्षू आधी जखम धुतात, ताप उतरवतात. श्रद्धेचं बोलणं नंतर. एल्मारचं मन वळतं ते आजारपणाच्या अंथरुणावर. तलवारीने जे साधलं नाही ते शुश्रूषेने साधतं, हे एका डॉक्टरालाच सुचावं.

छंदही साधा: आठ-आठ अक्षरांच्या दुडक्या चालीच्या ओळी, मुलांच्या तोंडी सहज बसणाऱ्या. म्हणूनच खास मुलांसाठी लिहिलेलं नसूनही ते मुलांचं झालं.

१८८७ मध्ये कायदे सैल झाले, बरेच संघ प्रशियात परतले. वेबर यांना ते पाहायला मिळालं. ५ एप्रिल १८९४ रोजी, नीहाइम गावी, त्यांचं निधन झालं.