भविष्यकाळ म्हणजे फक्त ‘विल’ नव्हे

इंग्रजीत पुढचं काहीही सांगायचं तर ‘विल’ लावा, हा शाळेपासून चालत आलेला समज चुकीचा आहे. ‘विल’ शोभतं ते बोलता बोलता घेतलेल्या निर्णयाला. फोन वाजला, “आईल गेट इट.” रंकाळ्यावर काळे ढग दाटले, तर “इट्स गोइंग टू रेन”, कारण पुरावा डोळ्यांसमोर आहे. उद्याचं कोल्हापूर-पुणे तिकीट काढलंय? “आयम लीव्हिंग टुमॉरो.” इथे “आईल लीव्ह” म्हटलं की बेत आत्ताच ठरल्यासारखा वाटतो, सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. एसटीच्या वेळापत्रकाला साधा वर्तमानकाळ: “द बस लीव्हज ॲट सिक्स.” चप्पल पायात घालून निघालाच असाल, तर “आयम अबाउट टू लीव्ह.” त्याला ‘टुमॉरो’ जोडू नका, ‘अबाउट टू’मध्ये ‘आत्ता लगेच’ आलंच.