दोन पावसाळे उभी असलेली बॉक्स्टर

दसऱ्याच्या सकाळी साडेसातला आत्तेभावाचा फोन आला, अरे गाडी उघडतच नाहीये. मला वाटलं सुरू होत नाहीये असं म्हणायचंय, पण नाही, खरंच उघडत नव्हती. या आत्तेभावाची, म्हणजे दादाची, पोर्श बॉक्स्टर, दोन सीटची, सेकंडहँड घेतलेली आणि जिवापाड जपलेली, आणि नेमकं जपण्याच्या नादातच हे सगळं झालं होतं. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्याने ती कव्हर घालून पार्किंगमध्ये लावली, मग कामासाठी बाहेरदेशी गेला, आणि परत येईपर्यंत दोन पावसाळे उलटले. घरात झेंडूचे हार तयार, काकू ताट घेऊन उभ्या, आणि रिमोट कितीही दाबला तरी गाडी ढिम्म.

आता गंमत अशी की या गाडीत इंजिन सीटच्या मागे असतं आणि बॅटरी पुढच्या डिकीत. आणि पुढची डिकी उघडते विजेवर. म्हणजे बॅटरी उतरली की डिकी उघडत नाही आणि डिकी उघडली नाही तर बॅटरीपर्यंत हात पोचत नाही. किल्ली तिजोरीत आणि तिजोरीला कुलूप असा प्रकार. पण बनवणाऱ्यांनी याची सोय करून ठेवलीये आणि ती मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेली असते, दार चावीने उघडायचं, पायाजवळच्या फ्यूज बॉक्समधून एक लाल टर्मिनल बाहेर ओढायचं, त्याला दुसऱ्या बॅटरीचा प्लस लावायचा आणि मायनस दाराच्या लॉकच्या धातूला, की रिमोटने डिकी उघडते. एवढ्याच कामासाठी आहे ते, तिथून सेल्फ मारायचा प्रयत्न अजिबात करू नका कारण ती वायर बारीक असते आणि सेल्फला लागणारा करंट तिला झेपत नाही. आणि हो, दार उघडताना हळू. या गाडीच्या काचेला फ्रेम नसते, दार उघडताना काच स्वतःहून थोडी खाली सरकते, बॅटरी नसेल तर सरकत नाही आणि छताच्या रबरात अडकते.

डिकी उघडली, मीटर लावला, ३.८ व्होल्ट.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचा, म्हणून भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ दाखवली की ती अर्धी रिकामी झालेली असते आणि १२ च्या खाली गेली की जवळजवळ संपलेलीच समजा. बऱ्याच लोकांना वाटतं ११.५ म्हणजे अजून पुष्कळ आहे, बारातले साडेअकरा शिल्लक, पण पाण्याच्या टाकीसारखा हिशोब इथे चालत नाही. या बॅटरीच्या आत शिसं, शिशाचा ऑक्साईड आणि गंधकाचं आम्ल असतं, फ्रान्सच्या गॅस्टन प्लांटेने १८५९ मध्ये बनवली तेव्हापासून रसायन तेच आहे. बॅटरी वापरली जाते तसं दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बसत जातं आणि आम्ल पातळ होत जातं, चार्ज केलं की सल्फेट विरघळून परत आम्लात जातं. नुकतं बसलेलं सल्फेट बारीक आणि भुसभुशीत असतं म्हणून ते लगेच परततं, पण तशीच महिनोनमहिने ठेवली की त्याचे कण एकमेकांना धरून मोठे कडक स्फटिक होतात आणि मग ते चार्जरला दाद देत नाहीत. याला सल्फेशन म्हणतात. म्हणजे बॅटरी उतरल्यामुळे जेवढी मरत नाही तेवढी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्यामुळे मरते, हा फरक फार महत्त्वाचा आहे आणि तो कुणी सांगत नाही.

पण गाडी बंद, चावी खिशात, मग करंट गेला कुठे? दादाचा पहिला प्रश्न हाच. आजची गाडी बंद केली तरी पूर्ण बंद होत नाही, अलार्म जागा असतो, रिमोटची वाट बघणारा रिसीव्हर जागा असतो, घड्याळ चालू असतं. हे सगळं मिळून चांगल्या अवस्थेतल्या गाडीत साधारण २० ते ५० मिलीअँपिअर पितं. ऐकायला काहीच नाही, पण ४० मिलीअँपिअर धरले तरी दिवसाला जवळजवळ १ अँपिअर-तास होतो. बॅटरी ७० अँपिअर-तासांची असली तर पस्तीस दिवसांत अर्धी, सत्तर दिवसांत कोरडी. त्यात शिशाची बॅटरी काहीही न जोडता नुसती ठेवली तरी आपोआप थोडी थोडी उतरते आणि उकाड्यात तो वेग वाढतो, तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट. दोन पावसाळे म्हणजे सोळा महिने, मधे पुण्याचा अख्खा एप्रिल-मे. ३.८ व्होल्ट उरले होते हेच नवल.

दादाचा स्मार्ट चार्जर लावला तर तो एरर दाखवून बंद. त्यातही लॉजिक आहे, असे बरेच चार्जर आधी बॅटरीचा व्होल्टेज बघतात आणि फारच कमी असला की बॅटरी जोडलेलीच नाही किंवा खराब आहे असं समजून करंट सोडत नाहीत. मग कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्या काकांनी चांगली बॅटरी समांतर जोडून चार्जरला फसवलं आणि रात्रभर हळू चार्जिंगला लावली. सकाळी १२.५ दाखवत होती. दादा खूश, काका नाही. म्हणाले नुसता व्होल्टेज बघू नका, लोड देऊन बघा, म्हणजे मोठा करंट ओढून. लोड टेस्टर लावला आणि आकडा धडाधड खाली आला, ७ च्याही खाली. सेल्फ मारताना चांगली बॅटरी साधारण ९.६ च्या खाली जायला नको. स्फटिकांनी प्लेटा व्यापल्या होत्या, वरवर व्होल्टेज दिसत होता पण मागे ताकद नव्हती.

सेल्फ मारल्यावर येणाऱ्या टक-टक-टक-टक आवाजाचं कारणही हेच. स्टार्टर मोटरला शंभर-दोनशे अँपिअर किंवा जास्तही लागतात, एवढा मोठा करंट चावीतून थेट नेता येत नाही म्हणून मधे सोलेनॉईड असतो, छोट्या करंटने चालणारा मोठा स्विच. चावी फिरवली की तो खेचला जातो, मोटरने करंट मागितला की दमलेल्या बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉईडला धरून ठेवायलाही वीज उरत नाही म्हणून तो सुटतो, भार गेला की व्होल्टेज परत वर, परत खेचला जातो. सेकंदाला कितीतरी वेळा. एकच मोठा टक् आला आणि पुढे काहीच नाही तर मात्र संशय मोटरवर, सोलेनॉईडच्या आतल्या कॉन्टॅक्टवर किंवा गंजलेल्या अर्थिंगवर घ्यायचा. आणि सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाहीये ही तिसरीच गोष्ट, तिथे बॅटरी निर्दोष असते. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की आधी कान द्या, पाना नंतर उचला. हे तीन आवाज ओळखता आले तर अर्धं निदान तिथेच होतं.

शेजारचे एक काका आपुलकीने म्हणाले धक्का मारू या. पद्मिनीच्या काळात ते चालायचं कारण तिचा पेट्रोल पंप इंजिनच्या फिरण्यावर चालायचा आणि कार्बोरेटरला वीज लागत नव्हती. इंजेक्शनच्या गाडीत पंप विजेवर, इंजेक्टर विजेवर, त्यांना हुकूम देणारा कॉम्प्युटरही विजेवर, बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर कितीही ढकला, आत कुणी जागंच नाही. शिवाय अर्धवट पेटलेल्या इंजिनातून न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये गेलं तर तो महागडा भाग तापून खराब होऊ शकतो. जंपर, म्हणजे दुसऱ्या बॅटरीची वीज देणाऱ्या केबल, लावायचा तर शेवटचा मायनस उतरलेल्या बॅटरीला न लावता जरा लांब उघड्या धातूला लावायचा, चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचा क्लिप लावताना ठिणगी उडतेच.

नवीन बॅटरी आली, सेल्फ झकास फिरला, इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प. दादा परत परत मारायला लागला, त्याला थांबवलं. सेल्फची मोटर थोड्या वेळासाठी जोर लावायला बनवलेली असते, पाच-दहा सेकंद मारायचं आणि मग तिला निवू द्यायचं.

इंजिन पेटायला हवा, पेट्रोल, ठिणगी आणि नीट दाब एवढंच लागतं, फक्त सगळं योग्य वेळी. हवेपासून सुरुवात केली, एअर फिल्टरचं झाकण काढलं तर आत उंदराने सीटखालच्या कापसाचं आणि कुठल्याशा कागदाचं व्यवस्थित घर केलेलं. पावसात कोरडी, उबदार, कुणी फिरकत नाही अशी जागा त्याला दुसरी कुठे मिळणार. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे तो सतत काहीतरी कुरतडत असतो, वायर खाऊन पोट भरत नसलं तरी. नशिबाने वायरी शाबूत होत्या, पण प्रत्येक वळण टॉर्च लावून बघितलं, यात तासभर गेला आणि तो जायलाच हवा होता, कारण सोललेली एक वायर पुढे आठवडा खाऊ शकते.

मग पेट्रोल. चावी ऑन केली की बऱ्याच इंजेक्शनवाल्या गाड्यांत पंप एक-दोन सेकंद गुणगुणतो, कान लावून ऐकलं तर आवाज येत होता. पंप ठीक. टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि तिथेच कळलं, पेट्रोलचा तो नाकात झोंबणारा वास नव्हता, जुन्या वॉर्निशसारखा आंबूस वास होता.

पेट्रोल हा एक पदार्थ नाही, शेकडो हायड्रोकार्बनचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक साधारण ३० अंशांपासून उकळायला लागतात आणि जड घटक २०० अंशांच्या आसपास. थंड इंजिन पेटवण्याचं काम हलके घटक करतात कारण थंडपणी वाफ होते ती त्यांचीच, आणि ठिणगी पेटवते ती वाफच. टाकी कितीही बंद असली तरी दिवसा तापते रात्री निवते, असा तिचा श्वास चालू असतो आणि त्यात सगळ्यात आधी निघून जातात ते हेच हलके घटक. मागे उरतं ते पेट्रोलच, पण आळशी. दुसरीकडे काही रेणू हवेतल्या ऑक्सिजनशी जोडले जाऊन चिकट डिंक तयार होतो, तो इंजेक्टरच्या केसाएवढ्या भोकांत बसतो. त्यात आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलला पाण्याची ओढ फार. पावसाळी हवेतली ओल ते ओढून घेतं, एका मर्यादेपर्यंत पोटात ठेवतं, मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळा थर होतो. १० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये ही मर्यादा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, २० टक्क्यांत ती जास्त, म्हणजे ते एवढ्या लवकर फाटत नाही हे खरं. पण फाटलं की पंप ओढतो तळाचंच.

दादाने गाडी लावताना टाकी पाव भरलेली ठेवली होती, जुनं पेट्रोल कशाला वाया घालवा म्हणून. उलट होतं ते. टाकी जेवढी रिकामी तेवढी आत हवा जास्त, तेवढी ओल जास्त. ज्यांना महिनोनमहिने गाडी लावायची आहे त्यांनी ताजं पेट्रोल भरून टाकी पूर्ण ठेवा आणि त्यात फ्युएल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं रसायन, घालून दहा मिनिटं गाडी चालवून मगच लावा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचतं.

मेकॅनिकने उघड्यावर, सगळे फोन आणि उदबत्त्या लांब ठेवून जुनं पेट्रोल काढलं. काचेच्या बरणीत थोडं घेऊन बघितलं तर रंग चहाकडे झुकलेला, तळाला थर नव्हता म्हणजे फाटलं नव्हतं, नुसतं म्हातारं झालं होतं. वीस लिटर ताजं घातलं. प्लग काढलेच होते तर प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल सोडून इंजिन हातपान्याने हळू दोन फेरे फिरवलं, कारण एवढ्या दिवसांत सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल खाली उतरून गेलेलं असतं आणि पिस्टनच्या कोरड्या रिंगा नीट दाब धरत नाहीत. या बॉक्स्टरचं इंजिन आडवं पसरलेलं, तीन सिलिंडर इकडे तीन तिकडे, प्लगपर्यंत पोचायला गाडी वर उचलावी लागते, त्यामुळे हा उद्योग घरी करण्यासारखा नाही.

पहिल्या सेल्फला खोकली, दुसऱ्याला पकडली. मागून भसाभस पांढरा-निळा धूर, दादाचा चेहरा पडला, पण ते आम्हीच सोडलेलं तेल जळत होतं, पाच-सात मिनिटांत निवळला. नंतर सायलेन्सरच्या नळीतून पाणी ठिबकत होतं, तेही बरोबरच. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातल्या हायड्रोजनपासून साधारण एक लिटर पाणी तयार होतं, एरवी ते गरम वाफ होऊन निघून जातं म्हणून दिसत नाही. आणि म्हणूनच आठवड्यातून एकदा जागच्या जागी पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवायची सवय चांगली नाही. इंजिन पुरतं तापत नाही, पाणी सायलेन्सरमध्ये आणि तेलात साचतं, सेल्फने ओढलेला करंटही एवढ्या वेळात भरून येत नाही. काढायचीच तर अर्धा तास रस्त्यावर न्या, नाहीतर बॅटरी मेंटेनर, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर, लावून शांत उभी राहू द्या.

निघताना मागचं चाक हलेना, हँडब्रेक ओढून ठेवल्यामुळे आत गंजाने धरलं होतं. हळूच पुढे-मागे केल्यावर कडकन सुटलं. आता गाडी गिअरमध्ये आणि चाकांना ठोकळ्यांची उटी लावून उभी असते, हँडब्रेक मोकळा.

पूजा दसऱ्याला बंद गाडीचीच झाली होती. सुरू झाली ती कोजागिरीच्या आदल्या दिवशी, बॉनेटवरचा हार तोवर वाळून गेला होता, काकूंनी नवीन करून आणला आणि नारळ परत फोडला. दादाने मात्र त्याआधी डिकीत मेंटेनरची वायर ओढून घेतली होती, तिचं टोक आता बंपरखालून बाहेर येतं, म्हणजे पुढच्या वेळी डिकी उघडायची गरजच नाही.