‘शुद्ध मेटलकोर’ कधी नव्हतंच

मेटलकोर या आक्रमक रॉक संगीतप्रकारातल्या एखाद्या बँडनं अल्बममध्ये डेथ मेटल, थ्रॅश (दोन्ही मेटलचे उपप्रकार) किंवा इलेक्ट्रॉनिक सूर आणले की ‘यांनी मेटलकोर बाटवलं’ अशी ओरड होते. ही समजूत वर्षानुवर्षं फिरते आहे आणि ती मुळातच चुकीची आहे. मेटलकोर जन्मलंच हार्डकोर पंक (पंक रॉकचं अधिक वेगवान, आक्रमक रूप) आणि मेटलच्या मिश्रणातून. नावातच दोन्ही आहेत!

१९९५ साली अर्थ क्रायसिस या बँडनं ‘डिस्ट्रॉय द मशीन्स’ या अल्बममध्ये हार्डकोरचा आवेश जड मेटल रिफांवर, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटींवर, चढवला. त्याच वर्षी स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या ॲट द गेट्स या बँडचा ‘स्लॉटर ऑफ द सोल’ आला. तो मेलोडिक (सुरेल) डेथ मेटलचा अल्बम. पण त्यातली गिटारची धाटणी पुढे अमेरिकी मेटलकोरनं इतकी आपलीशी केली की आज अनेकांना ती मेटलकोरचीच वाटते. २००२ मधला किलस्विच एंगेजचा ‘अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग’ ऐका: गोथेनबर्गी रिफ, हार्डकोरचे ब्रेकडाउन (गाण्यातले अचानक संथ, जड होणारे भाग) आणि मोकळ्या गळ्यानं गायलेली ध्रुवपदं. उलट २००१ च्या ‘जेन डो’मध्ये कन्व्हर्ज या बँडनं गोडवा बाजूला सारून गोंगाट आणि विस्कटलेली लय निवडली. दोन्ही मेटलकोरच.

मिश्रण फसतं, हे मला मान्य आहे. पण मग तक्रार बांधणीची करा, भेसळीची नको. ब्रेकडाउनला वजन येतं ते आधीच्या वेगवान भागानं ताण वाढवल्यामुळे. तो ताण नसेल तर उरतो नुसता संथ ठोका.