हेलिकॉप्टरवाहू की विमानवाहू? जपानची ‘इझुमो’ आणि आपली ‘विक्रांत’

जपानच्या ‘इझुमो’ची बातमी आली की फोटोखाली ‘जपानची विमानवाहू नौका’ असं हमखास छापलेलं असतं. फोटो पाहून तसं वाटणं साहजिक आहे. सपाट मोकळा डेक, उजव्या कडेला मनोरा, लांबी 248 मीटर. आपली ‘विक्रांत’ 262 मीटरची, म्हणजे लांबीत जेमतेम 14 मीटरचा फरक. पण वजन बघा. पूर्ण भारासह इझुमो सुमारे 27 हजार टनांची, विक्रांत सुमारे 45 हजार टनांची. विक्रांतची रुंदी 62 मीटर, इझुमोची 38. विक्रांतवर सोळाशेच्या आसपास माणसं लागतात, इझुमोवर पाचशेच्या आसपास. फोटोत न दिसणारा हा फरक डेकखाली आहे: विमानांचं इंधन, बाँब आणि क्षेपणास्त्रांची कोठारं, दुरुस्तीच्या जागा आणि हे सगळं चालवणारी माणसं.

डेकवरही फरक आहेच, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं. विक्रांतच्या पुढच्या टोकाला वर वळलेला स्की-जंप आहे. मिग-29के हे लढाऊ विमान त्यावरून उडतं. परतताना ते डाव्या बाजूला तिरक्या काढलेल्या पट्टीवर उतरतं आणि शेपटाखालच्या हुकानं आडव्या ताणलेल्या तीन पोलादी दोरांपैकी एक पकडतं. दोर हुकला तर त्याच वेगात पुन्हा आकाशात, म्हणूनच पट्टी तिरकी. समोर उभ्या असलेल्या विमानांवर आदळायला नको. इझुमोवर यातलं काहीच नाही. हेलिकॉप्टरला दोर लागत नाही की उतार लागत नाही. डेकवर एका वेळी पाच हेलिकॉप्टरं उडू-उतरू शकतील अशा जागा आखल्या, खाली हँगर आणि वर आणायला दोन लिफ्ट दिल्या, की काम झालं.

मग जपाननं एवढं मोठं जहाज फक्त हेलिकॉप्टरांसाठी का बांधलं? उत्तर पाणबुडीत आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पाणबुड्यांनी जपानची मालवाहू जहाजं बुडवून त्या बेटांचं तेल आणि धान्य तोडलं. आजही जपानचं जवळजवळ सगळं खनिज तेल समुद्रमार्गानंच येतं. त्यामुळे पाणबुड्या शोधणं हे त्यांच्या नौदलाचं पहिलं काम राहिलं, आणि त्यासाठी हेलिकॉप्टरसारखं साधन नाही. जपानचं एसएच-60के हेलिकॉप्टर पाण्यालगत खाली येऊन हवेत एका जागी थांबतं, केबलला बांधलेला सोनार (आवाजावरून पाणबुडी शोधणारं यंत्र) समुद्रात सोडतं, ऐकतं, वर ओढतं आणि काही मैल पुढे जाऊन तेच पुन्हा करतं. पाणबुडीला हे हेलिकॉप्टर नेमकं कुठे आहे ते कळणं अवघड आणि त्यावर उलटा वार करणं त्याहून अवघड. फक्त ते काही तासांत इंधनाला परत येतं. पहारा अखंड ठेवायचा तर एक वर, एक परतीच्या वाटेवर, एक तयारीत, एक दुरुस्तीत असा हिशेब लागतो. जुन्या ‘शिराने’ वर्गाच्या विनाशिकेवर तीनच हेलिकॉप्टरं मावायची. म्हणून 2009 मध्ये ‘ह्यूगा’ आली, 2011 मध्ये ‘इसे’ आणि त्यांच्यापेक्षा मोठी इझुमो मार्च 2015 मध्ये. तिची जोडीदार ‘कागा’ 2017 ची.

ह्यूगावर हवाई आणि पाणबुडीविरोधी क्षेपणास्त्रांच्या 16 उभ्या नळ्या आहेत. इझुमोवर त्या नाहीत, जवळ आलेला धोका पाडणारी शस्त्रंच आहेत. जागा उडणाऱ्या यंत्रांना दिली आणि रक्षणाचं काम सोबतच्या विनाशिकांवर सोपवलं. माझ्या मते विमानवाहू नौकेकडे जाणारं पहिलं पाऊल इथेच पडलं होतं.

उघड पाऊल डिसेंबर 2018 चं. इझुमो आणि कागावर एफ-35बी ही अमेरिकी लढाऊ विमानं चालवण्याचं जपान सरकारनं ठरवलं. हे विमान कसं चालतं ते महाराष्ट्र-गोव्यातल्या वाचकाला सांगायला सोपं आहे, कारण आपल्या जुन्या विमानवाहू ‘विराट’वरची सी हॅरिअर विमानं तशीच चालायची: थोडं धावून उडायचं आणि परतताना हवेत थांबून सरळ खाली उतरायचं. ती 2016 पर्यंत गोव्याच्या ‘हंसा’ तळावर होती. फक्त एफ-35बीच्या झोताची उष्णता साध्या डेकला सोसत नाही, त्यामुळे डेकला उष्णतारोधक थर द्यावा लागला. कागाचं निमुळतं पुढचं टोक कापून चौकोनी केलं, म्हणजे वाऱ्याचा गोंधळ कमी आणि धावायला सरळ वाट. 3 ऑक्टोबर 2021 ला अमेरिकी मरीनची एफ-35बी इझुमोवर उतरली, आणि 2024 च्या शरद ऋतूत कागानं सॅन डिएगोजवळ चाचण्या दिल्या.

तरी इझुमोला विक्रांतच्या रांगेत बसवायची घाई करू नये. डझनभर विमानं ठेवली तरी दूरवरून येणारं संकट आकाशातून टिपणारं रडार तिच्याकडे नाही. विक्रांत निदान त्यासाठी कामोव्ह-31 हेलिकॉप्टरं वापरू शकते. इझुमोचा उपयोग वेगळा आहे. क्यूशूपासून योनागुनीपर्यंत, म्हणजे थेट तैवानच्या उंबरठ्यापर्यंत, जपानची बेटांची माळ पसरलेली आहे आणि तिथे लढाऊ विमानांना चालतील अशा धावपट्ट्या मोजक्याच. त्या क्षेपणास्त्रांनी उखडल्या तर समुद्रात हलती पर्यायी धावपट्टी असावी, हा विचार आहे आणि तो पटतो.

चीनचा आक्षेप मात्र इतिहासातून येतो. 1937 मध्ये शांघायसमोर उभ्या असलेल्या जपानी क्रूझरचं नाव इझुमोच होतं, आणि जुनी कागा पर्ल हार्बरवर हल्ला करून 1942 मध्ये मिडवेला बुडालेली विमानवाहू नौका. जपानी सरकारची भूमिका अशी की हल्ल्यासाठीची विमानवाहू नौका राज्यघटनेच्या, युद्धाचा त्याग करणाऱ्या नवव्या कलमात बसत नाही, म्हणून विमानं कायम जहाजावर न ठेवता गरजेप्रमाणे चढवायची. ठरलेली 42 विमानं नौदलाची नाहीतच, हवाई दलाची आहेत आणि त्यांचा तळ मियाझाकीतल्या न्यूताबारूला.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. अशा मोठ्या डेकच्या नौका जपानकडे चारच आहेत, आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या दोन लढाऊ विमानांकडे वळताहेत. चीनच्या पाणबुड्या वाढताहेत. ज्या दिवशी कागाच्या हँगरमध्ये एफ-35बी भरलेली असतील, त्या दिवशी सोनार घेऊन उडणारी हेलिकॉप्टरं तिथे मोजकीच मावतील.