‘बोलतो तो करत नाही’ हे खरं नाही

‘गरजेल तो पडेल काय’ ही म्हण ढगांपुरती ठीक. मरणाच्या गोष्टी करणाऱ्या माणसाला ती लावतात, तिथे घात होतो. जीव देणाऱ्यांपैकी अनेकांनी आधी कुणाला तरी सुचवलेलं असतं. वाक्य साधंच असतं: ‘माझ्यामागे आईकडे बघशील ना?’ सोबत झोप उडालेली, जेवण सुटलेलं, जपलेली वस्तू कुणाला तरी देऊन टाकलेली. आणि खूप दिवसांच्या घालमेलीनंतर एकाएकी आलेली शांतता. मला तिचीच जास्त धास्ती वाटते.

मग थेट विचारा: ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने डोक्यात खूळ शिरतं, हाही गैरसमजच. उलट माणूस मोकळा होतो. उपदेश नको, ऐका. एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध दुसरीकडे हलवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो. जीवच धोक्यात असेल तर ११२ लावा. पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र तणावाखाली असलेला धरतो आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो.